लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना: कंपनीचं नाव नंतर, आतले भाग आधी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. विंडोज ११ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. त्यामुळे सातारा-सांगलीतल्या पतसंस्थांत, क्लासमध्ये आणि घराघरांत असलेले अनेक धडधाकट लॅपटॉप कागदोपत्री बाद ठरले आहेत. तेव्हापासून दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात. जुन्यावर लिनक्स टाकलं तर चालेल का? आणि नवा किंवा सेकंडहँड घ्यायचा तर लिनक्ससाठी कोणता घ्यावा?

साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा नाहीतर सांगलीत विश्रामबागेत, उत्तरं दोनच मिळतात: "सगळ्यांवर चालतं हो", नाहीतर "त्या भानगडीत पडू नका". दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. लिनक्स नीट चालणार का, हे झाकणावरच्या नावापेक्षा आतल्या पाच-सहा सुट्या भागांवर ठरतं. एकाच कंपनीचा एक लॅपटॉप लिनक्सवर मस्त चालतो आणि त्याच कंपनीचा दुसरा वाय-फायविना अडून बसतो. हे भाग पैसे मोजण्याआधी तपासता येतात. कसे, ते पुढं सविस्तर सांगितलं आहे.

## आधी तीन शब्द समजून घेऊ

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जिचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशी संगणक चालवणारी प्रणाली. लिनक्स ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१मध्ये तिचा गाभा लिहायला घेतला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही त्याच कर्नलभोवती बांधलेली वेगवेगळी तयार पॅकेजं आहेत.

दुसरा शब्द ड्रायव्हर. ट्रॅक्टर दारात आला म्हणून रोटाव्हेटर आपोआप फिरत नाही. मागचा तीन ठिकाणचा सांधा जुळावा लागतो, इंजिनाची ताकद अवजाराला देणारा पीटीओ शाफ्ट नेमका बसावा लागतो आणि अवजाराला लागतात तेवढेच फेरे मिळावे लागतात. लॅपटॉपमध्ये ट्रॅक्टर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अवजारं म्हणजे वाय-फाय कार्ड, कॅमेरा, स्पीकर. आणि मधला शाफ्ट म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी हा शाफ्ट अवजार बनवणारी कंपनीच देते, कारण तिचं गिऱ्हाईक तिथं आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात. काही कंपन्या ते स्वतः लिहून देतात. काही कंपन्या भागाची माहितीच देत नाहीत, मग स्वयंसेवकांना तो भाग उलगडून अंदाजानं ड्रायव्हर लिहावा लागतो. त्याला वर्षं लागतात.

तिसरा शब्द फर्मवेअर. म्हणजे त्या भागाच्या चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही, असं झालं तरी भाग हलत नाही.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या भागांचे ड्रायव्हर येतात. म्हणून बाजारात कालच आलेला लॅपटॉप लिनक्सवर अडखळण्याची शक्यता जास्त आणि वर्ष-दोन वर्षं जुना सुरळीत चालण्याची शक्यता जास्त. विंडोजवाल्या मित्राचा 'नवीन तेवढं चांगलं' हा सल्ला इथं लागू पडत नाही.

## वाय-फाय कार्ड: निम्म्या तक्रारी इथल्याच

लिनक्स टाकलं आणि वाय-फाय दिसेना, ही सर्वांत नेहमीची तक्रार. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच असावा: वाय-फाय कार्ड कुठलं?

इंटेलचं कार्ड असेल तर निश्चिंत राहा. एएक्स२००, एएक्स२०१, एएक्स२१०, एएक्स२११ ही कार्डं लिनक्सवर उत्तम चालतात, कारण त्यांचा ड्रायव्हर इंटेल स्वतः कर्नलमध्ये देते. मीडियाटेकची एमटी७९२१ आणि एमटी७९२२ ही कार्डंही आजच्या कर्नलवर चांगली चालतात. मात्र त्याच मीडियाटेकच्या एमटी७९०२ला लिनक्समध्ये बरीच वर्षं ड्रायव्हरच नव्हता. क्रमांकात फरक अगदी थोडा, पण परिणाम असा.

रिअलटेकच्या बाबतीत पूर्ण क्रमांक विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. स्वस्त लॅपटॉपमधलं आरटीएल८८२१सीई आता कर्नलच्या ड्रायव्हरवर चालतं, पण त्याचा सिग्नल कमकुवत असल्याच्या आणि ब्लूटूथ लावल्यावर वेग पडल्याच्या तक्रारी आहेत. आरटीएल८८५२बीईचा ड्रायव्हर कर्नल ६.२मध्ये आला. त्यामुळे डेबियन १२वर, ज्यात कर्नल ६.१ आहे, हे कार्ड दिसणार नाही. आणि त्याच लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलं, ज्यात कर्नल ६.८ आहे, तर ते लगेच दिसेल. लॅपटॉप खराब नव्हता, कर्नल जुना होता. ब्रॉडकॉमची बरीच जुनी कार्डं, विशेषतः जुन्या मॅकबुकमधली, वेगळा बंदिस्त ड्रायव्हर मागतात.

कार्ड चुकीचं निघालं तर बदलता येतं का? बहुतेक वेळा येतं. बऱ्याच लॅपटॉपांत ते एम.२ २२३० आकाराचं, एका स्क्रूनं बसवलेलं असतं. फक्त एक पथ्य पाळा: एएक्स२०० आणि एएक्स२१० कुठल्याही योग्य स्लॉटमध्ये चालतात, पण शेवटी १ असलेली एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालतात. एएमडी रायझनच्या लॅपटॉपमध्ये एएक्स२११ लावलं तर पैसे वाया. अँटेनाच्या दोन बारीक वायरी सरळ वर उचलून काढायच्या. तिरक्या ओढल्या की टोक तुटतं. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथं हा मार्ग बंद.

इन्स्टॉल करताना वाय-फाय नसेल तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क म्हणून ओळखतं. राहिलेले ड्रायव्हर आणि फर्मवेअर त्यावरून उतरवता येतात.

## ग्राफिक्स: गरज नसेल तर एनव्हिडिया नको

इंटेल आणि एएमडी या दोघांचे ग्राफिक्स ड्रायव्हर खुले आहेत आणि कर्नलमध्येच असतात. वेगळं काही करावं लागत नाही. एनव्हिडियानं मे २०२२मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण पूर्ण ड्रायव्हर आजही वेगळा टाकावा लागतो.

त्यात दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं सिक्युअर बूट. ही सोय सही नसलेला कर्नलचा कोड चालू देत नाही. उबुंटूवर बाहेरचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथं 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर चढत नाही. दुसरं म्हणजे, अनेक गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेला असतो. ड्रायव्हर चढला नाही तर घरी सगळं ठीक दिसतं आणि कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टरवर काहीच येत नाही.

वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत शिकणाऱ्या आणि मशीन लर्निंगचं काम करणाऱ्या मुलांना कुडा, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करून घेणारी प्रणाली, लागते, म्हणजे एनव्हिडिया लागतो. तो जरूर घ्या, पण आरटीएक्स मालिकेतला घ्या. जीटीएक्स १०५० किंवा १०६० असलेला जुना गेमिंग लॅपटॉप स्वस्तात मिळतो, पण एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हर शाखांनी ती पिढी सोडून दिली आहे. बाकी सगळ्यांना, म्हणजे कोडिंग, लेखन, हिशेब, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन शिक्षण यांसाठी, इंटेल किंवा एएमडीचं अंगचं ग्राफिक्स पुरेसं आहे. बॅटरीही जास्त टिकते.

## झाकण मिटल्यावर बॅटरी का उतरते?

जुने लॅपटॉप झोपताना रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद करत. या पद्धतीला एस३ म्हणतात. नव्या लॅपटॉपांत त्याजागी फोनसारखं अर्धवट जागं राहणं आलं. त्यात प्रोसेसरनं सर्वांत खोल विश्रांतीत जाणं अपेक्षित असतं. पण एखादा ड्रायव्हर किंवा एसएसडी जागी राहिली की प्रोसेसरही जागा राहतो, लॅपटॉप बॅगेत तापतो आणि सकाळी बॅटरी शून्य असते. ही अडचण विंडोजवरही येते. लिनक्सवर तिचं कारण शोधणं आपल्यावर येतं.

कुठली पद्धत आहे हे पाहण्यासाठी 'सिस' फोल्डरमधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम स्लीप' नावाची फाइल उघडा. त्यात 'डीप' हा शब्द असेल तर एस३ उपलब्ध आहे. फक्त 'एस टू आयडल' असेल तर नवी पद्धत. नवी पद्धत वाईटच असते असं नाही, अलीकडच्या कर्नलवर अनेक रायझन आणि इंटेल लॅपटॉप ती छान निभावतात. पण ती प्रत्यक्ष झोपवून पाहिल्याशिवाय खात्री धरू नका. थिंकपॅडच्या काही मॉडेलांत बायोसमध्येच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी सुरू होणारा, मशिनच्या मूळ सेटिंगचा प्रोग्राम) झोपेचा प्रकार 'विंडोज' की 'लिनक्स' असा पर्याय दिलेला असतो. तो 'लिनक्स'वर ठेवला की एस३ मिळतो.

## कॅमेरा, बोटाचा ठसा, आवाज

साधा यूएसबी पद्धतीचा कॅमेरा लगेच चालतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या काही महागड्या पातळ लॅपटॉपांत आयपीयू६ नावाची वेगळी कॅमेरा व्यवस्था आहे, तिनं लिनक्सला बराच त्रास दिला आहे. म्हणजे महाग लॅपटॉप घेतला आणि व्हिडिओ कॉलला चेहराच दिसेना, असंही होतं. फिंगरप्रिंट सेन्सर चालला तर नशीब, नाही चालला तर पासवर्ड आहेच. त्यावर खरेदी ठरवू नका. काही मॉडेलांत हेडफोनला आवाज येतो आणि स्पीकर गप्प राहतात, कारण स्पीकरच्या वेगळ्या अँप्लिफायर चिपला त्या मॉडेलपुरती जुळवणी लागते. म्हणून आवाज तपासताना हेडफोन काढून तपासा.

स्नॅपड्रॅगनचे एआरएम लॅपटॉप, क्रोमबुक आणि मॅकबुक हे तीन प्रकार लिनक्सची सुरुवात करणाऱ्यानं टाळावेत. मॅकबुक एम१ आणि एम२साठी 'असाही लिनक्स' नावाच्या प्रकल्पानं फार मोठं काम केलं आहे, तरी पहिला लिनक्स लॅपटॉप म्हणून तो रस्ता सोपा नाही.

## प्रोसेसर आणि रॅम: आकड्यांत लपलेली माहिती

इंटेल आय५-८२५०यू यातला ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-११३५जी७ मधला ११ म्हणजे अकरावी. आय५-७२००यूमध्ये दोन कोर होते, ८२५०यूमध्ये चार आले. म्हणून सेकंडहँड घेताना आठव्या पिढीच्या खाली शक्यतो जाऊ नका. घरात सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप पडून असेल तर मात्र तो फेकू नका. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर मिंटवर ब्राउझर, लेखन आणि व्हिडिओ यांसाठी तो अजून कितीतरी काम देईल.

रायझनचे आकडे जास्त फसवे आहेत. ७५२०यू हे नाव ऐकून सातवी पिढी वाटते, पण तिसरा आकडा बघायचा असतो. तिथं २ म्हणजे झेन २, ही २०१९ची रचना. ७५३०यूमध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३. शिवाय ७५२०यूला सोल्डर केलेलीच रॅम चालते, स्लॉट नसतो. ८ जीबीचा घेतला की कायम ८ जीबीच.

म्हणून रॅमबद्दल दोन प्रश्न विचारा: किती आहे आणि स्लॉट किती आहेत. आज १६ जीबी घ्यावी. ६४ जीबी ईएमएमसी साठवण असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ती संथ असते आणि बदलता येत नाही.

## सेकंडहँड घ्यायचा तर कुठला?

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून बदललेले लॅपटॉप आपल्याकडच्या दुकानांत येतात. लिनक्ससाठी हा माल फार चांगला, कारण तो कंपन्यांसाठीच्या मालिकेतला असतो: लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. या मालिकांतली कितीतरी मॉडेलं उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलनं तपासून प्रमाणित केलेली आहेत. बायोसचे अपडेटही अनेक मॉडेलांना लिनक्समधूनच, फर्मवेअर अपडेटच्या सोयीतून मिळतात.

ठोस नावं द्यायची तर थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४०० आणि ५४२०, एलिटबुक ८४० जी५ आणि जी६. या सगळ्यांना रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०ची बाहेरची बॅटरी हातानं काढून बदलता येते. मात्र त्याचा फिंगरप्रिंट सेन्सर लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत चालत नाही. आणि त्याच्या यूएसबी-सी पोर्टामागच्या थंडरबोल्ट चिपचं फर्मवेअर जुनंच राहिलं असेल तर यूएसबी-सी पोर्ट पुढं बंद पडू शकतो, म्हणून चार्जर यूएसबी-सीला लावून बघा आणि घेतल्यावर ते अपडेट करून टाका. टी४९०मध्ये काही रॅम सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट आहे. एका आकड्याच्या फरकानं सोय कमी होते.

बायोसला पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप घेऊ नका. बॅटरी काढली की पासवर्ड जातो असं कुणी सांगितलं तरी मानू नका. या मालिकांत तो वेगळ्या चिपमध्ये राहतो. स्टार्ट होताच बायोसमध्ये शिरून बघा, अर्धा मिनिट लागतं.

आपल्या भागात आणखी एक तपासणी हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरा-दुकानांत शिरलं होतं. भिजलेला लॅपटॉप वाळवून सुरू होतो, वर्षभर चालतोही, पण बोर्डावरचा गंज पसरत राहतो. यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टात मोबाइलच्या टॉर्चनं बघा. पांढरा-हिरवट थर, स्पीकरच्या जाळीत माती, तळाच्या स्क्रूंना गंज, यातलं काही दिसलं तर किंमत कितीही कमी असली तरी परत ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं वापरलेल्या मशिनलाही हीच तपासणी लावा.

## दुकानातली वीस मिनिटं

आता मुख्य काम. लिनक्स इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवता येतं. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. उबुंटूची फाइल सहा जीबीच्या आसपास, मिंटची तीनच्या आसपास. बलेना एचर किंवा रूफस या मोफत प्रोग्रामनं ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचा जुना डेटा जातो, हे लक्षात असू द्या.

दुकानात लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा: डेल आणि थिंकपॅडला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरला एफ१२ चालतं, पण आधी बायोसमध्ये तो पर्याय चालू करावा लागतो. पेनड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉलच्या पर्यायाकडं न जाता 'ट्राय'वर जा.

मग आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडा आणि एक व्हिडिओ लावा. यात वाय-फाय, ग्राफिक्स आणि स्पीकर एकदम तपासले जातात. हॉटस्पॉट आधी २.४ आणि मग ५ गिगाहर्ट्झवर ठेवून पाहा. ब्लूटूथला इअरबड जोडा. कॅमेरा उघडा, माइकवर बोलून ऐका. ब्राइटनेसची बटणं दाबा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवून बघा. दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआय लावा. शेवटी झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा, उघडा. स्क्रीन आली का, वाय-फाय परत जोडलं का, टचपॅड चालतो का? अनेक मशिनं बाकी सगळ्यात पास होतात आणि इथं अडखळतात, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका.

तेवढ्यात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एक आज्ञा द्या: इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय, मग स्पेस, वजाचं चिन्ह आणि के. आतल्या भागांची यादी येते आणि ज्यांना ड्रायव्हर मिळाला त्यांच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसते. नेटवर्कच्या नोंदीखाली ती ओळ नसेल तर वाय-फायचा प्रश्न आहे. सेकंडहँड असेल तर बॅटरीसाठी यू, पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, स्पेस, वजाचं चिन्ह, डी असं टाइप करा. 'एनर्जी फुल डिझाइन' ही नवी असतानाची क्षमता आणि 'एनर्जी फुल' ही आजची. आजची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागा.

## "सीलबंद खोकं दुकानदार कसं उघडू देईल?"

नाही देणार, आणि त्यात त्याची चूक नाही. अशा वेळी डेमो पीसवर तपासणी करा, पण आधी डेमोच्या तळाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरच्या स्टिकरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. एकाच नावाखाली वेगवेगळी वाय-फाय कार्डं आणि स्क्रीन विकली जातात. फरक क्रमांकाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असतो. डेमो नसेल तर तो क्रमांक उबुंटूच्या प्रमाणित यादीत आणि लिनक्स-हार्डवेअर या संकेतस्थळावर शोधा. दुसऱ्या ठिकाणी खऱ्या वापरकर्त्यांच्या मशिनमधल्या भागांच्या नोंदी असतात, कुठला भाग चालला नि कुठला नाही यासकट.

'डॉस' किंवा 'उबुंटूसह' असं लिहिलेला लॅपटॉप दिसला तरी तो लिनक्सवर चालतो याची पूर्ण खात्री समजू नका. डॉसवाल्यात फक्त विंडोजचा परवाना वगळलेला असतो, भाग तपासलेले असतातच असं नाही.

## टाकण्याआधी तीन सेटिंग

एसएसडी इन्स्टॉलरला दिसतच नाही, ही अडचण इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढं बऱ्याचदा येते. बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती, चालू असणं हे नेहमीचं कारण. ते बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत निवडा. एसरमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या मुख्य पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करा, मग सेटिंग बदला, नाहीतर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबेल.

दुसरं बिटलॉकर. नव्या विंडोज ११मध्ये डिस्कला बऱ्याचदा आपोआप कुलूप लागलेलं असतं आणि बायोसमध्ये बदल केला की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या.

तिसरं विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते बंद केलं नाही तर विंडोजची डिस्क अर्धी झोपलेली राहते आणि लिनक्समधून तिच्यावर लिहिता येत नाही.

दोन्ही प्रणाली ठेवल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडतं. बिघाड नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

## "टॅली, मराठी टायपिंग, प्रिंटर यांचं काय?"

टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. मार्केट यार्डातल्या अडत्यानं किंवा कर सल्लागारानं मुख्य मशिनवरून विंडोज काढू नये. डिजिटल सिग्नेचरच्या काही टोकनना लिनक्स ड्रायव्हर मिळतो, पण विक्रेत्याला विचारून मगच टोकन घ्या. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बायोमेट्रिक यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज किंवा अँड्रॉइडवरच चालेल असं धरून चालावं. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सही विंडोजचेच. पायथन, सी, कायकॅड, क्यूजीआयएस, मॅटलॅब मात्र लिनक्सवर व्यवस्थित चालतात.

मराठी टायपिंगला अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्टही आहे आणि कगप नावाचा उच्चारानुसार टाइप करायचा प्रकारही. श्रीलिपीसारख्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

प्रिंटरकडं लोक शेवटी बघतात आणि तिथंच वैतागतात. आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा लिनक्सवर बसवायला त्रासाचा आहे. एचपीचे लेझरजेट १०२० आणि एम१००५ चालतात, पण एचपीच्या लिनक्स पॅकेजसोबत वेगळं प्लगइन उतरवावं लागतं, म्हणून पहिल्या जोडणीला इंटरनेट चालू ठेवा.

## "वॉरंटी जाते का?"

लिनक्स टाकल्यानं हार्डवेअरमध्ये काही बदलत नाही. पण सर्व्हिस सेंटरचा माणूस विंडोजवरची चाचणी मागू शकतो. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारी चाचणी वापरा: डेलला एफ१२ दाबून 'डायग्नॉस्टिक्स', एचपीला एफ२. बिघाड असेल तर ती एक कोड देते. तो कोड तक्रारीत लिहिला की विंडोज आहे की नाही यावर घासाघीस होत नाही. विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे उद्या विकताना किंवा भावंडाला देताना विंडोज पुन्हा टाकलं तरी वेगळी किल्ली विकत घ्यावी लागत नाही.